पाळकसाहेबांची वरची कवळी

रविवारी सकाळी चर्चमध्ये मंडळी गाऊ लागली की कवळीमास्तर डोळे मिटून घेत. शेजारच्यांना वाटे, काय हा भक्तिभाव. मास्तर खरं तर ऐकत असत. दुसऱ्या बाकावरच्या आजीबाई, वरची आणि खालची. त्यांच्यामागे निवृत्त पोस्टमास्तर, नुसती वरची. गाणाऱ्यांतली जाड आवाजाची मावशी, पुढचे चार दात. अशी एकूण सव्वीस तोंडं मास्तरांच्या हातचं काम बाळगून एकाच वेळी उघडत-मिटत देवाची स्तुती करत होती. त्या स्तुतीतला थोडा वाटा आपल्याकडेही यायला हवा असं मास्तरांना मनापासून वाटे. पण चर्चमध्ये असं बोलून दाखवायची सोय नसते.

मास्तरांना व्हायचं होतं दातांचा डॉक्टर. मार्क थोडे कमी पडले. मग त्यांनी कवळ्या बनवण्याचा कोर्स केला आणि दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसायचं ते मागच्या खोलीत बसले. आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, ते गेल्यावर त्यांच्या मुलीच्या, म्हणजे डॉक्टरबाईंच्या. तीस वर्षं झाली. मागच्या खोलीत खिडकीखाली ओटा, ओट्यावर मेण वितळवायची शेगडी, डब्यांमधून पांढऱ्यापासून चहाच्या रंगापर्यंतचे नकली दात, आणि सगळ्यावर प्लास्टरची पिठासारखी पांढरी धूळ. तीन भिंतींना फळ्या. फळ्यांवर जबडे.

त्याचं असं होतं, की डॉक्टरबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, मास्तर त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढत आणि त्या साच्यावर कवळी घडवत. काम झालं की साचा टाकून देतात. मास्तर टाकत नसत. ओळखीच्या माणसाचा जबडा कचऱ्याच्या बादलीत पडलेला त्यांना बघवत नसे. माणूस देवाघरी गेला की त्याचा साचा सगळ्यात वरच्या फळीवर जायचा. डॉक्टरबाई म्हणायच्या, "काका, शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तुमच्याकडेच गर्दी होणार." मास्तरांना हा विनोद आवडत नसे, कारण वरच्या फळीचा फक्त हातभर कोपरा रिकामा उरला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांचे वरचे उरलेसुरले दात काढले आणि त्यांच्या कवळीचं काम मास्तरांकडे आलं. मास्तरांनी जीव ओतून साचा काढला. तो इतका सुरेख निघाला की त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, कौतुकाने इकडून तिकडून फिरवला, आणि तिथेच घात झाला. साचा हातातून निसटला तो ओट्याच्या कडेवर. मागचं डावं टोक उडालं. दोन तुकडे सापडले. तिसरा, करंगळीच्या नखाएवढा, काही सापडेना. मास्तर पॅन्टचे गुडघे पांढरे होईपर्यंत ओट्याखाली रांगले.

"साचा फुटला, पुन्हा माप घ्या," एवढं सांगितलं असतं की काम भागलं असतं. अशी मापं कितीदा पुन्हा घ्यावी लागतात. पाळकसाहेब आणखी दहा मिनिटं खुर्चीत बसले असते, बस. पण त्याच आठवड्यात मंगळवारी डॉक्टरबाईंचं एक माप बिघडलं होतं आणि मास्तरांनी नर्ससमोर त्यांना ऐकवलं होतं, "इतक्या वर्षांत माझ्या हातून एक साचा फुटलेला नाही, आणि तुम्हाला एक माप धड घेता येत नाही? तुमचे वडील काय म्हणाले असते?" वडिलांच्या वेळचा माणूस, बाई काय बोलणार. आता तीनच दिवसांनी त्याच बाईंकडे फुटका साचा घेऊन जायचं?

मास्तरांनी गोंद काढला. दोन तुकडे चिकटवले. तिसऱ्याच्या जागी मेण भरून अंदाजाने आकार दिला. अंदाज तसा वाईट नव्हता, अनुभवी माणसाचा होता. पण टाळूला अंदाज चालत नाही. कवळी बसली खरी, पण डावीकडून केसाएवढी हवा आत शिरायची. पाळकसाहेबांनी तोंड मिटलं की कट् असा आवाज यायचा, आणि श किंवा स आला की बारीक शिट्टी वाजायची. त्यात पाळकसाहेबांचा आवडता विषय पश्चात्ताप. "पश्चात्ताप करा" म्हणताना अशी काही शिट्टी निघायची की मागच्या बाकावर डुलक्या काढणारे ताठ बसायचे.

डॉक्टरबाईंनी चारदा कवळी घासून पाहिली. मग मागच्या खोलीत येऊन विचारलं, "काका, साच्यात काही गडबड नव्हती ना?"

"साचा चोख होता," मास्तर म्हणाले. "हिरडी आकसली असेल."

साचा फुटला ती चूक होती. हे जे बोलले ते पाप होतं, आणि मास्तरांना ते बोलतानाच कळलं होतं. बाईंनी नवी कवळी करून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाळकसाहेबच नको म्हणाले. "राहू द्या. मला माझ्या वक्तृत्वाची जरा घमेंड होती. देवाने तोंडात खडा ठेवला असेल." देवाचं नाव निघाल्यावर मास्तरांना हायसं वाटलं. तक्रार आता वरच्या ऑफिसात गेली होती आणि तिथून सहसा कुणी चौकशीला येत नाही.

अशी सहा वर्षं गेली.

यंदा चर्चमधल्या गाणाऱ्यांत दोन तट पडले. पेटी वाजवणाऱ्याच्या सायकलची हवा कुणीतरी दोनदा सोडली. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की सलग चार रविवार ते एकाच विषयावर बोलणार, पश्चात्ताप. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, बरं झालं, या समोरच्याला गरजच होती.

पहिल्या रविवारी पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला सांगण्याआधी माझा स्वतःचा ऐका. सहा वर्षं मी या दातांपायी देवावर कुरकुरतोय. तुमच्यासमोर म्हणतो, देवाने नम्र राहायला शिकवलं. घरी गेलो की कवळी वाटीत टाकतो आणि त्याला विचारतो, एवढ्या मोठ्या जगात तुला माझंच तोंड सापडलं का? ही कुरकुर पाप आहे. मी आज तुम्हा सर्वांसमोर पश्चात्ताप करतो." शिट्टी वाजली. त्यांनी मान खाली घातली, तोंड मिटलं. कट्.

ज्या गोष्टीपायी हा माणूस माफी मागत होता तिचा मूळ मालक इस्त्रीचा शर्ट घालून पाचव्या बाकावर बसला होता, आणि भोवतालचे सगळे डोलावतात म्हणून मानही डोलावत होता.

"किती मोठं मन बघा," बायको कानाशी कुजबुजली. "नाहीतर तुम्ही. भाजीत मीठ कमी पडलं तर गुरुवारपर्यंत ऐकवता."

त्या दिवसापासून मास्तरांचं काहीतरी बिनसलं. माणसाला मोठी गोष्ट कबूल करवत नसली की तो लहानसहान गोष्टी कबूल करत सुटतो. सोमवारी त्यांनी बायकोला सांगितलं, की बारा वर्षांपूर्वी तिचा काचेचा वाडगा मांजराने नव्हे, त्यांनी फोडला होता. मंगळवारी शेजाऱ्याला सांगितलं, की त्याचं वर्तमानपत्र ते रोज आधी वाचून पुन्हा घडी घालून त्याच्या दारात ठेवतात. शेजारी म्हणाला, "माहितेय मला. घडी तुम्ही जास्त चांगली घालता." बुधवारी डॉक्टरबाईंसमोर उभे राहिले. "बाई, तुमच्या वडिलांना मी पाठीमागे खाटीक म्हणायचो."

"त्यांना ठाऊक होतं काका. ते तुम्हाला कुंभार म्हणायचे."

प्रत्येक कबुलीनंतर मास्तर जरा थांबून आत चाचपून बघत, हलकं वाटतंय का. काही वाटत नव्हतं. कळ डाव्या दाढेत आणि हे उजवीकडचे दात घासत होते.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने भाजी चिरता चिरता समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा इथे. एका आठवड्यात तीनदा माफी मागितलीत माझी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात एकदा मागितली होती, ती माझ्या भावाची, तीही मी पाठीत चिमटा काढला म्हणून. डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"नाही गं."

"मग कोण आहे ती?"

"कोण ती?"

"तेच विचारतेय मी."

मास्तरांनी टेबलावरची साल उचलली, दुमडली, पुन्हा उलगडली. "ती नाही," ते म्हणाले. "पाळकसाहेब आहेत."

बायकोच्या हातातली सुरी थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं ते बघून मास्तर घाईघाईने उठले आणि म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. दाखवतोच तुला."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवरून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला साचा काढला आणि तिच्या हातात दिला. गोंदाची रेघ पिवळी पडली होती. मेणाचा तुकडा अजून गुलाबी होता. मास्तरांनी सगळं सांगितलं. बायकोने साचा उलटसुलट करून पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं, आणि तिला हसू फुटलं. "एवढंसं? मी घरून निघताना माहेरी कुणाला काय सांगायचं ते ठरवून बसले होते."

मग हळूहळू तिचं हसू थांबलं.

"अहो, सहा वर्षं मी दर बुधवारी त्यांच्याकडे डबा पाठवतेय. मऊ शिजवून, घोटून, गाळून. मला वाईट वाटायचं म्हणून. तो डबा घेऊन कोण जायचं?"

"मी."

"आणि निघताना म्हणायचात काय?"

मास्तर साच्याकडे बघत म्हणाले, "जरा आणखी शिजव, त्यांना चावत नाही."

"धन्य आहे तुमची." तिने साचा ओट्यावर ठेवला, जपून. "उद्या जा आणि सांगून या."

"आधी नवी कवळी करतो. मग सांगतो. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"रिकाम्या हातानेच जायचं. कवळी हातात ठेवून सांगाल तर ते संकोचून माफ करतील. त्याला काय अर्थ आहे? ती तर आणखी एक लबाडी झाली."

मास्तरांना हे पटलं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं. शनिवारी पाळकसाहेबांच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसून, चहा निववून, घसा दोनदा खाकरून त्यांनी जे तोंडातून काढलं ते असं, "साहेब, नवी कवळी करू या का?"

"नको," पाळकसाहेब म्हणाले. "आत्ता कुठे हिच्याशी माझा समेट झालाय. देवाने दिलेली गोष्ट अशी परत करू नये."

आतून पाळकसाहेबांच्या बायकोचा आवाज आला. "देवाने दिली असेल तर तो मोठ्या मनाने परत घेईल. मास्तर, न्या यांना सोमवारी. तुम्हाला रविवारचा एक तास ऐकावं लागतं. मला जेवताना रोज कट् कट्. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडून वर्ष झालं, ते मी दुरुस्तच केलेलं नाही, काही अडलंच नाही."

दुसरा रविवार मास्तरांनी मान खाली घालून काढला. बायको नुसती विचारत होती, "सांगितलंत?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालत होती.

सोमवारी पाळकसाहेब दवाखान्याच्या खुर्चीत आडवे झाले. जुनी कवळी काढून वाटीत ठेवली, तसा त्यांचा वरचा ओठ आत गेला आणि ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले. डॉक्टरबाईंनी मापाचा लगदा कालवला, जबड्याच्या आकाराच्या थाळीत भरला, थाळी वर टाळूला दाबून बसवली. "नाकाने श्वास घ्या. तीन मिनिटं अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही." तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कुणाचं तरी पोर किंचाळलं. "काका, जरा धरता का? आलेच मी."

मास्तरांनी थाळीची दांडी धरली. खोलीत दोघेच. पाळकसाहेबांचं तोंड गच्च भरलेलं आणि डोळे छताकडे. आयुष्यात इतकी सोयीची वेळ पुन्हा यायची नाही, असं मास्तरांच्या मनात आलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या तोंडातला खडा देवाने ठेवलेला नाही. मी ठेवलाय."

पाळकसाहेबांचे डोळे छतावरून मास्तरांकडे वळले. सुरुवातीला त्यांत मायाच होती, दुःखी माणसाकडे बघायची त्यांची सवय होती ती. मास्तर बोलत गेले. साचा, ओट्याची कड, नखाएवढा तुकडा, गोंद, मेण, हिरडी आकसल्याची थाप. पाळकसाहेबांच्या भुवया एकेक पायरी चढत कपाळाच्या मध्यावर गेल्या. घशातून घर्रघर्र असा आवाज आला. उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला.

"हलू नका," मास्तर सवयीने म्हणाले. "माप बिघडेल."

हात तसाच हवेत राहिला. उरलेलं दीड मिनिट दोघांनी एकमेकांकडे बघत काढलं, आणि मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या उभ्या आयुष्यात त्याहून लांब दीड मिनिट झालं नाही.

डॉक्टरबाई आल्या, थाळी ओढून काढली. "वा, छान आलंय." मग दोघांची तोंडं पाहिली. "दुखलं का काही?"

पाळकसाहेबांनी तोंड पुसलं. वाटीतली कवळी उचलली, नळाखाली धुतली, बसवली, अंगठ्याने दाबली. रागवायला त्यांना दात हवे होते. "बाई, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबाल का?" दवाखाना बाईंचा होता, तरी त्या गेल्या.

"हं," पाळकसाहेब म्हणाले. "आता परत सांगा."

"काय?"

"तेच. मघाशी माझं तोंड बंद होतं म्हणून सांगितलंत. आता उघडं आहे."

पहिल्यांदा सांगणं अवघड वाटलं होतं मास्तरांना. ते किती सोपं होतं हे आता कळलं, कारण आता मध्येमध्ये प्रश्न होते.

"बाईंना तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

"घमेंड."

"त्यांनी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"आणि मी म्हणालो, देवाने खडा ठेवलाय, तेव्हा?"

मास्तर थोडे घुटमळले. "बरं वाटलं," ते म्हणाले.

"बरं वाटलं." कट्. पाळकसाहेब खुर्चीतून उठले. बोलण्यातलं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. "सहा वर्षं मी देवाशी भांडलो. काय काय बोललो त्याला, ते शब्द मला येतात हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. आणि तो बिचारा त्यात नव्हताच. गोंद लावणारा तू होतास."

"हो."

"पहिल्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर मी माफी मागितली. तू पाचव्या बाकावर बसला होतास."

"हो."

"मान डोलावत होतास."

मास्तरांना वाटलं होतं, मान डोलावलेली दिसली नसेल.

"आता मला आधी देवाची नीट माफी मागावी लागणार. कुरकुरीची नाही, चुकीच्या माणसावर आळ घेतल्याची. तुझं नंतर बघू." दाराशी जाऊन ते वळले. "आणि रागाने शिट्टी वाजतेय असं समजू नकोस. ती तुझीच आहे."

ते गेल्यावर डॉक्टरबाई आत आल्या. दार काही फार जाड नव्हतं. त्यांनी हातातलं माप ओल्या कापडात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही मला नर्ससमोर बोललात ना, त्या मंगळवारी घरी जाऊन मी रडले होते. वाटलं होतं, आपल्याला हे जमणारच नाही, दवाखाना विकून टाकावा."

हे मास्तरांच्या यादीत नव्हतंच. सहा वर्षं ते एकाच माणसाचं तोंड डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि दुसरं माणूस रोज सकाळी त्यांना "काका, चहा घेणार का?" विचारत होतं. त्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, बाई." या वेळी हलकं वाटतंय का ते चाचपून बघायचं त्यांना सुचलंही नाही.

बाईंनी माप त्यांच्या हातात दिलं. "हे नीट ओता. आणि उजेडात धरून बघू नका."

पुढचे दहा-बारा दिवस मास्तरांनी ती कवळी घडवली. मधल्या काळात तिसरा रविवार आला. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत. मास्तरांची पाळी आली तेव्हा पाळकसाहेबांना नेमकं आकाशात काहीतरी दिसलं. मास्तरांचा पुढे केलेला हात तसाच खाली गेला. मेणाच्या चाचणीला, म्हणजे दात मेणात बसवून बघायला, पाळकसाहेब आले, आरशात बघितलं, म्हणाले, "बाई, छान आहे." मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. कवळी पक्की करून बसवली त्या दिवशीही तेच. ती अशी घट्ट बसली की काढून दाखवताना पाळकसाहेबांना दोन बोटं लावावी लागली. "बाई, आभारी आहे." निघाले.

"आता आणखी काय करू मी?" मास्तरांनी घरी येऊन विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "सांगायचं काम तुमचं होतं, ते झालं. माफ करायचं काम त्यांचं आहे, त्यात तुमची लुडबुड नको. आणि खरं सांगू, त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं असतं तर मला शंका आली असती, की नीट ऐकलं तरी का त्यांनी."

चौथ्या रविवारी पाळकसाहेब नवे दात घालून उभे राहिले. आवाज स्वच्छ, शिट्टी नाही, कट् नाही. पाच मिनिटांत मागचे दोन बाक झोपले. पाळकसाहेब बोलता बोलता अडखळले, थांबले, समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"मला हे पुढे वाचवत नाही," ते म्हणाले. "आपल्यापैकी एका माणसाने माझं नुकसान केलंय. मला ते कळलं, आणि मला त्याचा भयंकर राग आला. अजून आहे. मनात राग ठेवून मी तुम्हाला पश्चात्ताप करा सांगत राहिलो. पश्चात्ताप करणाऱ्याचं पुढे काय करायचं, याची मी कधी तयारीच केली नव्हती. चुकलं माझं. त्या माणसाने आज मला दारात भेटावं." ते खाली बसले. अकरा वर्षांतला हा त्यांचा सगळ्यात आखूड उपदेश.

मागचे दोन बाक खडबडून जागे झाले होते. चर्चमध्ये असा काही सन्नाटा पसरला की मास्तरांना वाटलं, सगळे आपल्याकडेच बघतायत. त्यांनी हळूच डोकं वर केलं. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता.

उपासना संपली आणि दाराशी रांग लागली. मास्तर उठेपर्यंत त्यांच्यापुढे दहा जण होते.

सगळ्यात पुढे जाड आवाजाची मावशी. "साहेब, मी तुमची नक्कल करून दाखवली, शिट्टीसकट. दोनदाच. दुसऱ्यांदा लोकांनी आग्रह केला म्हणून."

"तो माणूस तुम्ही नव्हे," पाळकसाहेब म्हणू लागले, पण तोवर पोस्टमास्तर पुढे सरकले होते. "वरिष्ठांना ते निनावी पत्र गेलं होतं, उपदेश फार लांबतो म्हणून, ते माझं."

"कुठलं पत्र?"

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही?"

त्यांच्यामागचा तरणाताठा गायक म्हणाला, सायकलची हवा त्याने सोडली. पाळकसाहेब म्हणाले, सायकल माझी नाही, ज्याची आहे तो तुझ्यामागे उभा आहे. मागे पेटीवाला खरंच उभा होता, कारण तो स्वतः काहीतरी कबूल करायला आला होता, आणि मग त्या दोघांचं रांगेबाहेर वेगळंच सुरू झालं. आजीबाई म्हणाल्या, "मी काय केलं ते मला आठवत नाही. पण केलं असेल काहीतरी. या वयात रांग चुकवू नये."

मास्तरांची पाळी आली तेव्हा पाळकसाहेब घामाघूम झाले होते.

"तुम्ही शेवटी?"

"रांग होती," मास्तर म्हणाले.

"तुम्ही पहिले यायचं होतं. तुमच्या आळसामुळे मला दहा जणांचं ऐकावं लागलं. यातलं मला अक्षर माहीत नव्हतं. सुखात होतो मी." त्यांनी रुमालाने मान पुसली. मग हात पुढे केला, आणि तो मास्तरांच्या हातात असताना म्हणाले, "केलं माफ. पण एकदम सगळं झालं असं समजू नका. सकाळी आरशात हे दात दिसले की ते जुने आठवतात. मग पुन्हा करावं लागतं."

"किती दिवस लागतील?"

"ते कसं सांगू? तुमच्या धंद्यात प्लास्टर किती वेळात घट्ट होतं ते सांगता येतं. आमच्या धंद्यात तशी सोय नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना डोळे पुसायचे होते, पण हात अडकलेला होता.

"आणि एक," पाळकसाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "डावीकडे जरा हलतंय हो."

मास्तर प्लास्टरसारखे पांढरे पडले. चार दिवस घोटलेली, दोनदा तपासलेली, बाईंनी बोट लावून पाहिलेली ती कवळी. "डावीकडे? मागे? दाबल्यावर की बोलताना?" त्यांचा मोकळा हात आपोआप उठला आणि चर्चच्या दारात, सगळ्या मंडळीदेखत, पाळकसाहेबांच्या तोंडाकडे निघाला.

"नाही हलत," पाळकसाहेब म्हणाले. "सहा वर्षांच्या बदल्यात एवढं तरी मला मिळायला हवं होतं."

आणि ते हसले, तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून. वरची कवळी जागची हलली नाही.